डमीचा एकच हक्क

काकूच्या हातात बदामाची राणी आहे हे मला माहीत होतं. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, मुनीरभाई होते तोवर त्यांच्यापुढे नाही, आणि जिच्या हातात ती राणी होती त्या काकूपुढे तर नाहीच. ऐकणाऱ्याला वाटेल, पत्त्यातल्या एका पानाचं एवढं काय घेऊन बसायचं. मीही स्वतःला पुष्कळ वर्षं तेच समजावत आलो. पण पन्नाशी उलटली की आपली समजूत घालणारा आवाज माणसाला ओळखू यायला लागतो, आणि तो आपलाच असला तरी त्याचा कंटाळा येतो. तेव्हा आता नीट सांगतो.

माझे आईवडील नोकरीपायी गावोगाव फिरायचे, म्हणून शाळा-कॉलेजची सगळी वर्षं मी लोणावळ्याला काका-काकूंकडे काढली. काका वडगावच्या कोर्टात वकिली करत. घर बाजाराच्या वरच्या अंगाला होतं. पावसाळ्यात भिंतींना ओल धरायची आणि कपडे स्वयंपाकघरात दोरीवर वाळायचे, त्यामुळे माझ्या शाळेच्या शर्टाला कायम फोडणीचा वास असे. घाट चढून आलेल्या मालगाडीची मागची इंजिनं सोडवली जायची, तो धक्क्यांचा आवाज घरात ऐकू यायचा. त्याच्या जोडीने दुपारी आणखी एक आवाज असायचा, पत्ते पिसण्याचा. कबुतर पंख झटकून बसावं तसा, मऊ आणि झटक्यात संपणारा. काकूची बोटं लांब नव्हती, उलट आखूड आणि मसाल्याने पिवळसर झालेली होती, पण पत्ते त्या हातात गेले की शहाण्यासारखे वागत.

ब्रिज ती माहेरून शिकून आली होती. तिचे वडील देहूरोडला लष्करी डेपोत होते. साहेबलोकांचा चौथा गडी आला नाही की ते या मुलीला बसवायचे. पुढे लग्न झालं, काका क्लबचे मेंबर होते, पण त्यांना पत्त्यांत गती नव्हती. ते बिलियर्डच्या खोलीत जायचे आणि काकू पत्त्यांच्या. काका गेल्यावर कमिटीत प्रश्न निघाला, की मेंबरच्या पश्चात त्याच्या बायकोला टीममध्ये खेळता येतं का. मुनीरभाई आमच्या टीमचे कॅप्टन, लाकडाच्या वखारीचे मालक, हळू बोलणारा माणूस. ते उठून एवढंच म्हणाले, "मेंबरशिप वकीलसाहेबांची होती. पत्ते वहिनींचेच होते." विषय तिथेच मिटला.

मला तिने शिकवलं ते दुपारच्या जेवणानंतर, चटईवर. चार जणांची पानं ती उघडी मांडायची, मला नीट बघू द्यायची, आणि मग तीन जणांची उपडी करून विचारायची, "आता सांग, कुणाकडे काय?" प्रत्येक रंगाची पानं तेरा. गेलेली वजा करायची, दिसणारी वजा करायची, उरलेली कुणाकडे असतील ते प्रत्येकाच्या बोलण्यावरून आणि वागण्यावरून ताडायचं. "पत्ते झाकलेले असतात, माणसं झाकलेली नसतात," ती म्हणायची. मोजताना मी चुकलो की ती रागवायची नाही, पुन्हा पिसायला घ्यायची. पहिल्यांदा मी चारही हात अचूक सांगितले त्या दिवशी तिने उठून मला गूळ-तूप-पोळीचा लाडू करून दिला आणि तो मी खाईपर्यंत समोर बसून राहिली. आयुष्यात मला बक्षिसं बरीच मिळाली. तसं एकही नाही.

आमच्या क्लबच्या आणि तळेगावच्या क्लबच्या फ्रेंडली मॅचेस तेव्हा जोरात चालत. रविवारी सकाळी सुरुवात, दुपारी निकाल, मग जेवण. दोन्ही क्लबांमध्ये एक रिवाज होता, जो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही: जो जिंकेल त्याने पुढच्या मॅचला हरलेल्यांना आपल्याकडे बोलवायचं आणि जेवू घालायचं. क्लबच्या खानसाम्याचं नव्हे, घरचं. त्यामागचा विचार असा सांगत, की हरणाऱ्याचं निदान पोट तरी भरावं. काकू टीममध्ये असल्यामुळे आम्ही बहुतेक वेळा जिंकायचो, आणि म्हणून बहुतेक वेळा आमच्याच स्वयंपाकघरात पहाटेपासून धूर असायचा. मासवड्या, तिखट आमटी, इंद्रायणीचा वाफाळता भात, भाजलेल्या वांग्याचं भरीत. तळेगावचे कॅप्टन प्रधान डॉक्टर, निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे. ते उघड म्हणायचे, "आम्ही काय खेळून हरतो असं वाटतं का तुम्हाला? या मासवड्यांसाठी हरतो."

यात खरी पिचायची ती हौसामावशी. तिचं माहेर बेडशाचं, सासर आमच्या मागच्या गल्लीत. काकूच्या हाताखाली ती इतकी वर्षं होती, की कोण कुणाच्या हाताखाली आहे हे सांगणं अवघड होतं. मॅचच्या दिवशी डबे भरताना तिचा जप चालू व्हायचा.

"थोरल्या बाई, आज हरून या बरं का. वांगी भाजून भाजून माझं हात लय पोळल्यात."

"हौसा, हरायला जमत नाही गं मला."

"न जमायला काय झालं? आमचा दादला रोज हरतोय. त्याला इचारा कसं हरायचं ते."

काकू हसायची, पदराने कपाळ पुसायची आणि मला म्हणायची, "चल रे मिलिंद, उशीर होतोय." मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि तिचा पार्टनर होतो. लोणावळ्याच्या टीममध्ये माझ्या वयाचं दुसरं कुणी नव्हतं. मला ती जागा माझ्या हुशारीने मिळाली असं मी धरून चाललो होतो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. समोरासमोर बसणारे दोघं एका बाजूचे. आधी बोली होते: हुकूम कोणता आणि किती हात करणार. बोली जिंकणारा खेळतो, आणि त्याचा पार्टनर आपली सगळी पानं टेबलावर उघडी मांडून गप्प बसतो. त्याला म्हणतात डमी. डमीने बोलायचं नाही, सुचवायचं नाही, चेहऱ्यानेसुद्धा नाही. त्याला एकच हक्क असतो. आलेल्या रंगाचं पान पार्टनरने टाकलं नाही, तर तो विचारू शकतो, "बदाम नाहीत?" म्हणजे हातात तो रंग असून चुकून दुसरं पान पडलं असेल तर पार्टनरला ते वेळेत मागे घेता येतं. एकदा पुढचा हात सुरू झाला की मग चूक पक्की, आणि तिचा दंड जबर.

काकूच्या डोळ्यांचं मला पहिल्यांदा कळलं ते त्या वर्षीच्या उन्हाळ्यात. चटईवर बसलो होतो. तिने पान टाकलं आणि मी म्हटलं, "अगं, ही चौकट आहे." तिने पान उचललं, डोळ्यांपासून दूर धरलं, मग तिरकं धरलं. "मला मधलंच दिसत नाही नीट," ती म्हणाली. "कडेकडेचं दिसतं. काळं नि लाल कळतं. लाल कुठलं ते कळायला वेळ लागतो." ती हातात पानं लावायची ती काळा-लाल-काळा-लाल अशी, त्यामुळे बदाम आणि चौकट यांच्यामध्ये किलवर असायचे आणि निभायचं. किलवर संपले की दोन्ही लाल रंग एकमेकांना चिकटायचे. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिची मुलगी नंदाताई तेव्हा सासरी तळेगावला, तिलाही नाही. "कळलं तर प्रेमाने बाजूला बसवतील," ती म्हणाली. "मला अजून बसायचं नाही."

मी लगेच म्हटलं, मी डमी असेन तेव्हा विचारत जाईन. तिने चटईवरची पानं गोळा केली. मग म्हणाली ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "विचारायचं तर प्रत्येक वेळी विचार. मी रंग तोडला की विचार, उघड दिसत असलं तरी विचार. तुला शंका आली तेव्हाच विचारलंस, तर तो प्रश्न राहत नाही, इशारा होतो. इशाऱ्यावर मी खेळत नाही." नियमाच्या पुस्तकाने तिला जी सवलत दिली होती ती घ्यायलाही तिने स्वतःवर अट घातली. हे मला त्या वयात नुसतं काटेकोर वाटलं. आज असं वाटतं की इतकं स्वच्छ वागणं मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही, आणि ते माझ्या घरात, मसाल्याच्या डब्याशेजारी राहत होतं.

त्याप्रमाणे मी विचारत राहिलो. "बदाम नाहीत, काकू?" "नाहीत." "चौकट नाही, काकू?" "नाही." दर खेपेला. तळेगावच्या टीममध्ये प्रधान डॉक्टरांची पुतणी गौरी होती, माझ्याहून वर्षभराने मोठी, पुण्याला शिकणारी, खेळायला चलाख आणि जिभेला त्याहून. तिने मला नाव पाडलं, कंडक्टर. मी विचारलं की ती पर्समध्ये चाचपल्यासारखं करायची. "पास आहे, पास आहे. पुढे चला." सगळे हसायचे, काकूसुद्धा. मी पण हसायचो. मला गौरी आवडत होती, हे वेगळं सांगायला नको. नुसतं हसून सोडून द्यावं एवढं माझं मन मोठं नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. त्याच सुमाराला मुनीरभाईंनी वखारीत चहा पाजताना मला सहज म्हटलं होतं, "तुझा हात चांगला आहे. वहिनी खेळताहेत तोवर त्यांच्याबरोबर खेळ. नंतर माझ्याबरोबर बस, पुण्या-मुंबईच्या टूर्नामेंटला जाऊ." त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं. मी मात्र त्यातला 'नंतर' हा शब्द घरी घेऊन आलो.

ती मॅच श्रावणातली, आमच्याकडची. धुकं इतकं की क्लबच्या हॉलमध्ये खिडकीतून आत येऊन टेबलांवर बसलं होतं. भर सकाळी ट्यूबलाइट लावावी लागली आणि तिचा उजेड त्या धुक्यात दुधात पाणी घातल्यासारखा फिका दिसत होता. एका टेबलावर मुनीरभाई आणि त्यांचा जोडीदार, दुसऱ्यावर काकू आणि मी, आमच्याविरुद्ध डॉक्टर आणि गौरी. तेच डाव दोन्ही टेबलांवर खेळले जात, म्हणून पानं मध्ये एकत्र करायची नसतात. ज्याची त्याने आपल्यापुढे ठेवायची आणि डाव संपला की दुसऱ्या टेबलावर जाणाऱ्या पाटीतल्या आपल्या खोबणीत परत सरकवायची.

दुसऱ्या की तिसऱ्या डावाला मी डमी झालो आणि नेहमीचा प्रश्न विचारला. गौरी म्हणाली, "काका, या कंडक्टरला कुणीतरी शिट्टी आणून द्या हो." डॉक्टर म्हणाले, "गौरी, पुरे." पण हसले. त्या क्षणी मी ठरवलं, आता विचारायचं नाही. इतकं साधं होतं ते. पुढच्या वेळी काकूने रंग तोडला तेव्हा मी गप्प राहिलो. काकूने पान टाकून किंचित वाट पाहिली, माझ्या दिशेने. मग खेळत राहिली. तिने मला टोकलं नाही. टेबलावर टोकणं तिच्या पद्धतीत बसत नव्हतं. गौरीने भुवया उंचावल्या, आणि मला भारी वाटलं.

शेवटचा डाव. काकूची चार इस्पिकची बोली, म्हणजे इस्पिक हुकूम आणि दहा हात करायचे. मी पानं मांडली. डॉक्टरांनी बदामाचा एक्का, मग राजा वाजवला. काकूने दोन्ही वेळा लहान बदाम टाकले. पुढे तिने हुकूम काढून घेतले, किलवर संपवले, आणि चौकटीचा एक हात डॉक्टरांना द्यावा लागला तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा बदाम खेळले. माझ्या मांडलेल्या पानांतला शेवटचा बदाम पडला. गौरीकडे बदाम नव्हते, तिने किलवर फेकला. आणि काकूने हुकूम मारला.

मी मोजलं. मोजायचं म्हणून मोजलं नाही, तिने लावलेली सवय होती, डोकं आपोआप चालायचं. टेबलावर माझे तीन. गौरीचे दोन. डॉक्टरांचे पाच, सहा असते तर ते बोलीत दुसऱ्यांदा बदाम बोलले असते, त्यांची पद्धत मला पाठ होती. दहा झाले. उरले तीन, ते काकूचे, आणि तिचे दोनच पडले होते. तिसरा तिच्या हातात होता आणि तो राणीच होता, कारण डॉक्टरांकडे राणी असती तर त्यांनी तीच वाजवली असती. किलवर संपले होते. तिला ती चौकटीची राणी वाटली होती.

विचारायला वेळ होता. पानं अजून सरळ पडलेली होती. त्याच वेळी डोक्यात एक वाक्य तयार झालं: इतके डाव विचारलं नाहीस, आता विचारलंस तर तो इशारा होईल, काकूलाच ते चालायचं नाही. तिचंच तत्त्व, तिच्याच शब्दांत. मी त्या वाक्याच्या आड बसलो. आजपर्यंत तिथेच बसून आहे. कारण त्याच्या खाली जे होतं ते मला दिसलं होतं: ही चूक पक्की झाली, तर 'नंतर' लवकर येईल. एवढंच. गौरीसमोरची लाज होती, तत्त्वही होतं, पण सगळ्यांत खाली हे होतं.

काकूने पुढचं पान खेळलं. दोन पानांनंतर डॉक्टरांनी आपली उरलेली पानं उपडी करून टेबलावर ठेवली. "झाले तुमचे दहा," ते म्हणाले. "उगाच कशाला खेळायचं. ठेवा पानं."

गौरी स्कोअर लिहायला लागली. काकूने हातातली पानं एकत्र केली. खोबणीत सरकवण्याआधी ती नेहमी नीट लावून ठेवायची, पुढच्या टेबलाला त्रास नको म्हणून. लावता लावता तिचा हात थांबला. तिने उठून एक पान खिडकीपाशी नेलं, तिरकं धरलं. मला तिची पाठ दिसत होती.

"थांबा," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा, आमटीत मीठ कमी आहे असं सांगावं तसा. "माझ्याकडे बदामाची राणी होती. तुम्ही बदाम खेळलात तेव्हा मी हुकूम मारला."

"असेल, असेल," डॉक्टर म्हणाले. "गौरी, जेवणाचं बघ गं."

"दोन हातांचा दंड होतो, डॉक्टर."

"सुमतीबाई, फ्रेंडली मॅच आहे ही. आणि तो हात तुमचाच होता की. राणी टाकली असती तरी तुमचाच."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

डॉक्टर मिशीवरून हात फिरवत राहिले.

"तुमच्याकडे पाच होते," काकू म्हणाली. "गौरीकडे दोन. डमीचे तीन तर समोरच होते. मी हुकूम मारला त्याच क्षणी तुम्हाला कळलं. म्हणून तुम्ही पानं खाली ठेवलीत."

"वय झालंय माझं. मोजायचं राहून जातं हल्ली."

"तुमचं राहत नाही. दोन हात लिहा. नाहीतर आम्ही मॅच सोडली असं लिहा."

दोघं एकमेकांकडे बघत होते. ते बघणं मी विसरणार नाही. एकाने मॅच हातची सोडली होती, समोरच्या बाईला आपली चूक कधी कळू नये म्हणून. आणि ती बाई ती भेट परत करत होती, तितक्याच अदबीने. डॉक्टरही गप्प बसले होते आणि मीही. टेबलावरून पाहिलं असतं तर दोन्ही गप्प सारखेच दिसले असते. ती बेरीज काकू मोठ्याने करत होती तेव्हा मी खुर्चीचा काठ धरून बसलो होतो. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. गौरीने आकडा खोडून दुसरा लिहिला. दोन्ही टेबलांचा हिशोब जुळवला तेव्हा आम्ही थोडक्यात हरलो होतो.

जेवताना मुनीरभाईंनी विचारलं. ते दुसऱ्या टेबलावर होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. "काय रे, तू डमी होतास ना? विचारलं नाहीस?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही माहीत नाही.

"विचारलं त्याने," काकू म्हणाली. "मीच नाही म्हटलं." आणि भात वाढायला लागली.

डॉक्टर मासवडीचे तुकडे करत बसले, बारीक, आणखी बारीक. गौरीने माझ्याकडे सरळ पाहिलं. ती टेबलावर होती, तिला माहीत होतं. मग ती जेवायला लागली. त्यानंतर तिने मला कधी कंडक्टर म्हटलं नाही, आणि तेव्हा कळलं की चिडवणं थांबतं तेव्हा माणूस काय गमावतो. मुनीरभाईंनी माझ्या पाठीवर थाप दिली. "मग तुझा काय दोष? पोराने आपलं काम केलं."

पत्त्यांच्या टेबलाशी आलेल्या माणसांसमोर काकू खोटं बोलली ती तेवढी एकदाच. स्वतःसाठी तिने एक हात घेतला नाही, आणि माझ्यासाठी अख्खं वाक्य बोलून मोकळी झाली. भात संपता संपता तिने बाकीचंही सांगून टाकलं, की लाल पानं एकसारखी दिसतात, काही महिने झाले, आता माझ्याच्याने होत नाही. "मुनीरभाई, पुढच्या वेळी मिलिंदला तुमच्यासमोर बसवा."

"मला सांगायचं होतंत," डॉक्टर म्हणाले. "डोळे मी पाहिले असते."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आणखी हात सोडले असते," ती म्हणाली, आणि सगळे हसले, ओले डोळे करून. मला तेव्हा काय वाटलं ते लिहायचं आहे म्हणून हे सगळं लिहितो आहे. मला आधी आनंद झाला. मग लाज आली. क्रम तोच होता.

घरी पोचलो तर हौसामावशी ओट्यापाशीच होती. "काय झालं?"

"हरलो," काकू म्हणाली.

"खरंच? माजी आन?" तिने कढई खाली ठेवली. "बरं झालं बाई! आता त्या तळेगावकरणींना कळू द्या वांगं कसं भाजत्यात ते." काकू खुर्चीत बसून हसत सुटली, पोट धरून. हौसामावशीही हसली. मग काकूचं हसणं आधी संपलं आणि मावशीच्या ते ध्यानात आलं. ती जवळ येऊन जमिनीवर बसली आणि काही न विचारता काकूचे पाय चेपायला लागली.

मी मुनीरभाईंबरोबर पुष्कळ वर्षं खेळलो. पुण्या-मुंबईला गेलो, जिंकलो. मी डमी असलो की प्रत्येक वेळी विचारायचो, न चुकता. त्यावरून माझं नाव झालं. आता आमच्या क्लबला नवा हॉल आहे, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांतून वाट काढत तिथे पोचावं लागतं, आणि नवा तरुण सेक्रेटरी नवशिक्यांना माझ्याकडे बोट दाखवून ती जुनी गोष्ट सांगतो: यांनी विचारलं होतं, तरी त्या बाईंचं लक्ष नव्हतं, पण विचारावं कसं ते यांच्याकडून शिका. मागच्या महिन्यात त्याने ती माझ्यादेखत सांगितली. मी चहा पीत होतो. पीत राहिलो. गोष्टीतली 'ती बाई' कोण, हे त्या मुलांपैकी कुणाला ठाऊकही नव्हतं.

काकू तळेगावात नंदाताईकडे असते, उंच इमारतीत, लिफ्टच्या बटणांवर बोट फिरवून मजला ओळखते. आता मधलं काहीच दिसत नाही. मी जातो तेव्हा डाव वाचून दाखवतो. चौघांची पानं एकदा सांगायची. ती डोळे मिटून ऐकते, मग कुणी काय टाकलं आणि का टाकलं ते बोलत जाते, पान न पान. मी कागदात बघून चुकतो, ती न बघता चुकत नाही. परवा वाचताना माझा एक आकडा दोनदा चुकला. "आज लक्ष कुठाय तुझं?" तिने विचारलं. मी म्हटलं, कामशेतला ट्रॅफिक होता, दमलो. "हं," ती म्हणाली. "पुन्हा वाच."

तिला माहीत असेल का? मोजायला तिनेच शिकवलं. मी मोजलं नसेन असं तिला वाटणं अवघड आहे. पण तिला माहीत असण्याने माझं सांगणं फिटत नाही.

तिने माझ्यासाठी बोललेलं खोटं मला क्लबात, सगळ्यांसमोर, तिला शेजारी बसवून मागे घ्यायचं आहे, आणि मी गप्प का राहिलो ते तिला स्वतः सांगायचं आहे. ती हयात आहे. मी अजून ते केलेलं नाही.